विश्लेषण : मोबाइलचा ‘एचडीआर’ आणि फाळकेंच्या घरातली पांढरी चादर

उत्तनच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताचा फोटो काढला की आकाश सुरेख येतं, पण समोर उभ्या माणसाचा चेहरा काळा पडतो. चेहरा उजळवला तर आकाश पांढरंफटक होतं. मोबाइलमधला ‘एचडीआर’ हा यावरचाच उपाय. तो नसताना दादासाहेब फाळके यांनी भर उन्हात अख्खा चित्रपट कसा टिपला?

अडचण नेमकी काय?

सर्वात गडद आणि सर्वात उजळ भागातलं जेवढं अंतर कॅमेरा एका फोटोत तपशिलासह पकडतो, ती त्याची डायनॅमिक रेंज. ती ‘स्टॉप’मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट; १० स्टॉप म्हणजे सुमारे हजारपट. दृश्यातला फरक त्यापलीकडे गेला की एक टोक हातचं जातं.

फाळके कॅमेऱ्याकडे कसे वळले?

जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन इथे शिक्षण. गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ काढला, पण प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावलं. १९०२ मध्ये सरस्वतीबाईंशी विवाह झाला. पुढे छपाईचा व्यवसाय सुटला आणि सिनेमाचं वेड लागलं. सततच्या चित्रपट पाहण्याने आणि प्रयोगांनी काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली.

१९१२ मध्ये विमा पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले. तिथे कॅमेरा खरेदी केला. परतल्यावर कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीची छोटी फिल्म बनवली. ती पाहून भांडवल मिळालं. तरी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच.

उन्हाचा प्रश्न कसा सुटला?

‘राजा हरिश्चंद्र’चं चित्रीकरण दादरला झालं, सूर्यप्रकाशात. तेव्हाच्या फिल्मला निळा रंग जास्त आणि लाल जवळपास दिसतच नसे. त्यामुळे आकाश पांढरं येई आणि वरून पडणाऱ्या उन्हात डोळ्यांखाली गडद सावल्या पडत. उपाय घरगुती होता: सरस्वतीबाई उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत. चादरीवरून परतलेला प्रकाश सावलीत जाई आणि दृश्यातला फरकच कमी होई. शिवाय कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं आणि साऱ्या चमूचा स्वयंपाक, हेही त्यांच्याच वाट्याला होतं. ३ मे १९१३ रोजी चित्रपट मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला गेले. १९६९ पासून त्यांच्या नावाने देशाचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार दिला जातो. चादर धरणारे हात मात्र फारसे कुणाला ठाऊक नाहीत.

आज तुम्ही काय कराल?

- एचडीआर सुरू ठेवा. फोन झटपट अनेक फ्रेम घेऊन त्या जोडतो, म्हणून हात स्थिर हवा.
- स्क्रीनवर आकाशाला टॅप करून उजेड थोडा कमी करा. सावली नंतर काही प्रमाणात उजळता येते. पूर्ण पांढरा झालेला भाग परत येत नाही.
- कॅमेऱ्यात हीच सोय निकॉनमध्ये ‘ॲक्टिव्ह डी-लायटिंग’, सोनीत ‘डीआरओ’, फुजीफिल्ममध्ये ‘डीआर २००’ किंवा ‘डीआर ४००’ या नावाने असते.
- माणूस जवळ असेल तर पांढरा कागद, थर्माकोल किंवा चादर धरा. सेटिंग फोटो सावरतं, चादर प्रकाशच बदलते.