मातीकडे पाहणारे हॉवर्डसाहेब



साउथहॅम्प्टनला राहणाऱ्या आमच्या एका नातलगाचे पत्र आले. परसातले सफरचंदाचे जुने झाड काढून त्याच खड्ड्यात नवे कलम लावले, ते खुरटले. असे का?

फळबागांचे हे जुनेच दुखणे. जुन्या मुळांवर पोसलेल्या बुरशा व सूत्रकृमी मातीत टिकून राहतात आणि नव्या कोवळ्या मुळांना धरतात. त्यांना आवर घालणारे उपकारक जिवाणूही मातीतच असतात. शास्त्रज्ञ ते निवडून मुळांशी सोडून पाहतात. कुठे गुण येतो, कुठे येत नाही. झाड आजारी पडले की आधी माती पाहावी, असे शिकवणाऱ्या आल्बर्ट हॉवर्ड यांची आम्हाला आठवण झाली.

१८७३ साली इंग्लंडात श्रॉपशायर परगण्यातील एका शेतकऱ्याच्या घरी ते जन्मले. केंब्रिजला शिकून वेस्ट इंडीजमध्ये उसाचे रोग तपासू लागले. पण प्रयोगाला स्वतःचे शेत नाही, याची त्यांना खंत होती. १९०५ साली ते बिहारमध्ये पुसा येथे आले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ, कामात बरोबरीच्या. त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, हे बरे नव्हे. पुसाच्या बागेत गवत वाढले की फळझाडे झुरत. हॉवर्डनी मुळे उघडी करून पाहिली. मातीत हवा खेळत नव्हती.

१९२४ साली ते होळकरांच्या इंदुरास गेले. तिथे रसायनतज्ज्ञ यशवंत वाड त्यांचे सहकारी झाले. पालापाचोळा, कपाशीच्या पऱ्हाट्या, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओल राखायची, ढीग वरखाली करायचा. आधी बुरशा, मग जिवाणू कामाला लागतात आणि तीनेक महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते. उसाचे पाचट जळताना पाहत वाढलेल्या आम्हाला हे वाचून चुटपुट लागली. शिवाय साहेब हिंदी शेतकऱ्यांना आपले गुरू मानीत.

गॅब्रिएल १९३० साली वारल्या. १९३१ साली हॉवर्ड व वाड या दोघांच्या नावांनी या पद्धतीचे पुस्तक निघाले. हॉवर्ड १९३४ साली सर झाले, १९४७ साली निवर्तले. वाड मात्र मागे पडले.

नातलगाला आम्ही कळवले आहे: कलम दुसऱ्या जागी हलवा, नाहीतर खड्ड्यातली माती बदला, वर कुजलेले खत घाला.