दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (३१ जुलै १९०७, गोवा – २९ जून १९६६, पुणे) हे भारतीय गणितज्ञ व इतिहासकार होते. पाली भाषेचे विद्वान धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेतल्यावर (१९२९) त्यांनी बनारस, अलीगढ व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले. पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले.

यादृच्छिक फलन अनंत श्रेढीच्या रूपात मांडण्याची रीत त्यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. कारहुनेन व लोएव्ह यांनी ती नंतर स्वतंत्रपणे शोधली आणि बराच काळ ती त्या दोघांच्याच नावाने ओळखली गेली.

१ + १/२ + १/३ + … या श्रेढीची पदे शून्याकडे जातात, तरीही ती अपसारी आहे. प्रत्येक पदाचा एकाहून मोठा घात घेतला, तर मात्र ती अभिसारी होते. या घातश्रेढीपासून झीटा फलन बनते व त्याच्या शून्यस्थानांविषयी रीमानचे १८५९ मधील गृहीतक आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कोसंबी यांनी संभाव्यतेच्या आधारे ते सिद्ध केल्याचा दावा केला. तोही कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात. सिद्धता मान्य झाली नाही. गणितज्ञांमधील त्यांच्या प्रतिष्ठेला याने मोठा धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. त्यानंतरचे काही गणिती लेख त्यांनी एस. ड्यूक्रे या टोपणनावाने लिहिले.