रतीभर धातूचा शोध घेणारा शास्त्रज्ञ : गाब्रिएल बर्त्रां

वांगे चिरून ठेवले की त्याच्या फोडी काळ्या पडतात. म्हणून आई त्या लगेच पाण्यात टाकते. हवेतील ऑक्सिजन आणि वनस्पतीतील एन्झाइम यांच्या संयोगाने हा काळेपणा येतो. अशा साध्या गोष्टीमागचे कारण शोधण्यात ज्याने आयुष्य वेचले, त्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची ही ओळख.

गाब्रिएल बर्त्रां यांचा जन्म १८६७ साली पॅरिस येथे झाला. तेथील निसर्गेतिहास संग्रहालयात त्यांनी संशोधनास आरंभ केला. १८९४ साली फिसालिक्स यांच्यासह त्यांनी सर्पविषावरील प्रतिविषाचा शोध जाहीर केला. त्याच सुमारास काल्मेत यांनीही तो स्वतंत्रपणे लावला होता. त्या वेळी बर्त्रां अवघे सव्वीस वर्षांचे होते.

पुढे त्यांचे लक्ष आजच्या व्हिएतनाममधील एका झाडाच्या चिकाकडे गेले. हे झाड आपल्या आंब्याच्या व बिब्ब्याच्या कुळातले. त्याचा पांढरट चीक हवा लागताच तपकिरी होतो, मग काळा पडतो आणि त्याचे चकचकीत रोगण बनते. जपानमध्ये योशिदा यांनी १८८३ मध्ये अशाच चिकातील एन्झाइमचा अभ्यास केला होता. बर्त्रां यांनी त्यास 'लॅकेज' हे नाव दिले.

लॅकेज जाळून उरलेली राख त्यांनी तपासली, तेव्हा तीत मँगॅनीज आढळले. ज्या नमुन्यात मँगॅनीज अधिक, त्याची ऑक्सिडीकरणाची शक्तीही अधिक! लसूणघासातून काढलेल्या लॅकेजमध्ये हा धातू जवळजवळ नव्हता आणि ते निष्क्रिय होते. मँगॅनीजचा क्षार मिसळताच ते काम करू लागले. १८९७ साली बर्त्रां यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि एन्झाइमला साहाय्य करणाऱ्या पदार्थासाठी 'को-फर्मेंट' हा शब्द रूढ केला.

परंतु शास्त्रात शेवटचा शब्द कोणाचाच नसतो. १८९७ चा निष्कर्ष बेचाळीस वर्षांनी बदलला. केलिन व मान यांनी १९३९ मध्ये त्याच जातीच्या चिकातील लॅकेज शुद्ध करून दाखविले की, त्यातील खरा धातू मँगॅनीज नसून तांबे आहे.

मग बर्त्रां यांचे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. राखेतील नगण्य वाटणारा धातूही जीवनास आवश्यक असू शकतो, ही दृष्टी त्यांनी दिली. असा घटक कमी पडला तर पीक खुरटते, योग्य प्रमाणात मिळाला तर जोमाने वाढते आणि अति झाला तर विषारी ठरतो, हा नियम त्यांनी मांडला. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या शास्त्राचा तो पाया ठरला.

आणि मँगॅनीजचे मोठे कार्य हिरव्या पानातच सापडले. प्रकाशसंश्लेषणात पाण्याचे ऑक्सिडीकरण होऊन ऑक्सिजन सुटतो. हे काम मँगॅनीजचे चार व कॅल्शियमचा एक अणू असलेला समूह करतो. जपानी शास्त्रज्ञांनी त्याची स्पष्ट रचना २०११ साली दाखविली. आपला प्रत्येक श्वास या रतीभर धातूच्या उपकारावर चालतो.

बर्त्रां १९०० पासून पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कार्यरत राहिले. १९६२ साली पंच्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले.

पालकांनी व विद्यार्थ्यांनी यातून एवढेच ध्यानी घ्यावे : उत्तर चुकले म्हणून अभ्यास फुकट जात नाही. प्रामाणिकपणे केलेला प्रयोग पुढच्या पिढीला वाट दाखवितो.