डॉ. रखमाबाई : संमती कोणाची?

मुरूमच्या एका घरातील सून बाळंतपणात अडली. गावातून तिला सोलापूरला हलवावे लागले. तिथल्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरले, तेव्हा सासूने अमावास्या टळू द्या म्हणून हट्ट धरला. डॉक्टरांनी चारचौघांत त्या म्हातारीला अडाणी ठरवले, जात-वस्ती काढली. शेवटी नवऱ्याने सही केली. मायलेकरू सुखरूप घरी आले. महिन्याभराने घरची मंडळी अपमानाची तक्रार करायची म्हणून आमच्याकडे आली. आम्ही संमतीचा कागद पाहिला. नवऱ्याची सही होती, खाली सासूचा अंगठा होता. पूर्ण शुद्धीवर असलेल्या, बारावी झालेल्या त्या बाईची सही मात्र कुठेच नव्हती! तिला डॉक्टरांनी विचारले नाही आणि घरच्यांनीही विचारले नाही. त्या दिवसापासून आमच्या डोक्यात डॉ. रखमाबाई घोळत आहेत.

रखमाबाईंचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 रोजी मुंबईत झाला. जात सुतार. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. सुतारांत विधवेचा पुनर्विवाह चालत असे, म्हणून आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा विवाह केला. ब्राह्मणी धर्मशास्त्राला जे पाप वाटत होते, ते कष्टकरी जातींच्या रूढीत सहज बसत होते. तेव्हा सगळीच रूढी वाईट असते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. सखाराम अर्जुन वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत, वनस्पतिशास्त्राचेही जाणकार होते. त्यांच्या घरात ही मुलगी वाचायला शिकली. पण अकराव्या वर्षी तिचे लग्न मात्र झालेच. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस-वीस वर्षांचा होता. रखमाबाई त्याच्याकडे नांदायला गेल्या नाहीत.

1884 मध्ये दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला. बायकोचा ताबा मिळावा, ही मागणी. वर्ष उलटायच्या आत पाठीशी उभे असलेले सखाराम अर्जुन वारले. तरी सप्टेंबर 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अजाण वयात लागलेल्या लग्नासाठी सज्ञान स्त्रीला बळजबरीने नवऱ्याकडे पाठवता येणार नाही, हा त्याचा आशय. त्याबरोबर सनातन्यांनी आकाशपाताळ एक केले. टिळकांची पत्रे रखमाबाईंवर तुटून पडली. अपिलात निकाल फिरला आणि 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. (वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचे हे कलम हिंदू विवाह कायद्यात अजून आहे. आम्ही कोर्टात दर महिन्याला ते पाहतो.)

1889 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांचा त्यात मोठा वाटा होता. लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकून 1894 मध्ये त्यांनी ब्रुसेल्सहून एम.डी. मिळवली. परतल्यावर काही महिने कामा हॉस्पिटलमध्ये काम केले आणि मग सुरत गाठले. तिथे त्या 1917 पर्यंत राहिल्या.

आमच्या दृष्टीने खरे चरित्र इथून पुढे आहे, आणि नेमके तेच कोणी सांगत नाही. सुरतेत स्त्रियांचे रुग्णालय होते, पण बाळंतपणाला बाया येत नसत. दवाखान्यात बाळंत होणे अशुभ, तिथे गेलेली परत येत नाही, असा समज. बाळंतपण म्हणजे विटाळ, आणि तो विटाळ उपसायचा खालच्या जातीच्या सुईणीने. आमच्या मराठवाड्यातही नाळ कापायला मांगवाड्यातूनच बाई बोलावली जाई. रखमाबाईंनी लोकांना शिव्या दिल्या नाहीत. सांगतात ते असे की, त्यांनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणली आणि तिचे बाळंतपण करून दाखवले. शेळी आणि करडू धडधाकट पाहिल्यावर बायांची भीती हळूहळू मोडली.

नेमक्या त्याच वर्षांत पुण्यात काय चालले होते? 1897 ची प्लेगची साथ. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीमाई 10 मार्चला गेल्या. त्याच महिन्यात रँडच्या हुकुमाने गोरे सोजीर घराघरात शिरू लागले, देवघर-स्वयंपाकघर न पाहता. लोक मग रोगी लपवू लागले. साथीपेक्षा तपासणीची धास्ती मोठी झाली. औषध खरे असले तरी दंडुक्याने पाजता येत नाही.

पण रखमाबाई लोकांच्या समजुतीपुढे नमल्या असेही नाही. पुरुष डॉक्टरला बाई दाखवायची नाही, हा पडद्याचा दंडक. 1885 चा डफरिन फंड, जनाना रुग्णालये ही सारी व्यवस्था त्या दंडकाला मान देऊनच उभी राहिली होती, आणि सुरतेनंतर राजकोटच्या जनाना रुग्णालयातही रखमाबाईंनी त्याच व्यवस्थेत कित्येक वर्षे काढली. निवृत्तीच्या सुमारास, 1929 मध्ये, त्यांनी पडदा नष्ट करावा असा लेख लिहिला. ज्या रूढीत अडकलेल्या बायांची नाडी जन्मभर पाहिली, त्या रूढीविरुद्ध लिहिण्याचा अधिकार त्यांनी कमावला होता.

एक गोष्ट आम्हास पटत नाही, ती लपवत नाही. 1904 मध्ये दादाजी वारला आणि रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे धारण केले. ज्याच्याशी नांदायचे नाकारले, त्याचे वैधव्य! आमच्या चळवळीतल्या कार्यकर्त्याला हे खटकणारच. पण तो निर्णय त्यांचा होता, कोर्टाने लादलेला नव्हता. एवढा फरक आम्ही मान्य करतो. 25 सप्टेंबर 1955 रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितले की, सज्ञान रुग्णाची संमती दुसऱ्याकडून घेता येत नाही. तिथे रुग्ण भुलीखाली असताना आईच्या होकारावर गर्भाशय काढले होते. जिवावरचा प्रसंग नसताना तो होकार कायद्याने निरुपयोगी ठरला. म्हणजे घरच्यांचे ऐका, त्यांची अमावास्या समजून घ्या, थांबता येण्याजोगे असेल तर थांबा, नसेल तर का नाही ते बसून सांगा. पण सही तिची.

मुरूमच्या त्या मंडळींना आम्ही सांगितले, म्हातारीचा अपमान झाला हे खरे आहे आणि तक्रार करू. मात्र तक्रारदार म्हणून सुनेचे नाव पहिले राहील, आणि तक्रार करायची की नाही हे ती स्वतः येऊन सांगेल. सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग बारसे झाल्यावर तिला घेऊन येतो म्हणाल्या. आम्ही मसुदा तयार ठेवला आहे, नावाची जागा कोरी आहे.