साने गुरुजी : कुमारवयातील दुःख आणि त्याचे कथन

मराठी कुमारवाङ्मयाचा विचार पांडुरंग सदाशिव साने यांच्यावाचून पुरा होत नाही. तथापि ‘श्यामची आई’ हे पुस्तक प्रामुख्याने मातृमहिम्याचे स्तोत्र म्हणून वाचले गेल्याने, कुटुंबाच्या पडझडीत वाढणाऱ्या मुलाची ती कथा आहे, ही बाजू उपेक्षित राहिली. गुरुजींचे चरित्र पाहता हीच बाजू मूळची ठरते.

२४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे एका खोत घराण्यात त्यांचा जन्म झाला. घराण्याचे वैभव ओसरत होते. वाटण्या, कर्ज व सावकारी यांत वडील सदाशिवराव खचत गेले. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण करताना मुलाने उपासमार सोसली. १९१७ मध्ये आई यशोदाबाई निवर्तल्या, तेव्हा तो जवळ नव्हता. ही अनुपस्थिती त्यांच्या पुढील लेखनाच्या मुळाशी आहे.

एम. ए. झाल्यावर १९२४ पासून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. घरापासून दुरावलेली मुले हा त्यांचा नित्याचा सहवास झाला. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले आणि कारावास पत्करला.

‘श्यामची आई’चा बहुतांश भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिला गेला, पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना रोज रात्री आठवणी सांगतो, अशी त्याची ४२ रात्रींची रचना आहे. छात्रालयातील सायंकाळच्या कथनाशी या रचनेचे नाते उघड आहे. सावकाराचा तगादा, जप्तीची दवंडी, वडिलांची मानहानी, आईचे आजारपण हे सारे येथे मुलाच्या लज्जेतून व असहायतेतून दिसते. संस्कारांचा उपदेश त्यावर पांघरूण घालीत नाही. कथेचा शेवट मृत्यू व स्मरण यांवरच होतो. पुढे ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीत व्यक्तिगत वेदनेला छात्रालयातील समूहजीवनाची जोड मिळाली.

१९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. गांधीहत्येने मात्र ते अंतर्यामी विदीर्ण झाले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपविली.

या अंतामुळे त्यांच्या वाङ्मयाकडे केवळ भाबडेपणा म्हणून पाहणे अशक्य होते. भावविवशतेचा आक्षेप अंशतः ग्राह्य असला, तरी घरातील दैन्य व अपमान मुलाने चारचौघांत उच्चारावा आणि इतरांनी तो ऐकावा, ही मुभा मराठी कुमारवाचकाला त्यांनी दिली. दुःखाचे निवारण त्यांना साधले नसेल. त्याला श्रोता मिळवून देणे मात्र साधले.