हजरत मखदूम अली माहिमी (रह.)

हजरत मखदूम अली माहिमी (रह.) यांचा जन्म हिजरी ७७६ मध्ये माहीम येथे, अरबस्तानातून कोकण किनाऱ्यावर येऊन स्थायिक झालेल्या नवायत घराण्यात झाला. वडील बालपणीच निवर्तले आणि मुलाच्या तालीम-तरबियतीचा भार मातोश्री बीबी फातिमा यांनी उचलला. एका रात्री आईने पाणी मागितले. पाणी आणेपर्यंत तिचा डोळा लागला, तेव्हा मुलगा पेला हातात धरून पहाटेपर्यंत उशाशी उभा राहिला, ही हकीकत कोकणातील घराघरांत आजही सांगितली जाते.

पुढे ते शाफई फिकहचे जाणकार म्हणून 'फकीह' या नावाने ओळखले गेले. तसव्वुफमध्ये ते इब्न अरबींच्या विचारांचे होते व त्यांच्या 'फुसूसुल हिकम'वर त्यांनी भाष्यही लिहिले. परंतु त्यांचे खरे स्मारक म्हणजे 'तब्सीरुर्रहमान' ही अरबी तफसीर. कुरआनच्या आयती सुट्या नसून एकमेकींत गुंफलेल्या आहेत, हे त्यांनी त्यात दाखविले. ११४ पैकी ११३ सूरांचा आरंभ बिस्मिल्लाहने होतो. शब्द तेच, तरीही मखदूम साहेबांनी प्रत्येक ठिकाणी त्या सूरेच्या आशयानुरूप त्यांचा अर्थ उलगडला. हे काम किती धीराचे असेल, याची कल्पनाच करावी!

हिजरी ८३५ मध्ये त्यांचे निधन झाले. फतेहपूर सिक्रीच्या शेख सलीम चिश्ती (रह.) यांची मजार बादशहा अकबराने त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांच्या आत उभारली, तिच्या संगमरवरी जाळ्या आज जगप्रसिद्ध आहेत. माहीमच्या दर्ग्याची गोष्ट निराळी. त्याचे बांधकाम १६७४ चे, म्हणजे मखदूम साहेबांच्या पश्चात सुमारे अडीचशे वर्षांनी झालेले. १७४८ मध्ये डागडुजी होऊन तो वाढविण्यात आला. घुमटाखाली मातोश्रींची कबर त्यांच्या शेजारीच आहे. दर वर्षी डिसेंबरातील उरुसात पहिली चादर मुंबई पोलिसांची असते, आणि कोकणी कुटुंबे दूरदूरहून जियारतीला येतात.

चादर चढविणाऱ्यांच्या मानाने तफसीर उघडणारे मात्र थोडे. कोकणच्या या सुपुत्राचा ग्रंथ हिजरी १२९५ मध्ये इजिप्तमधील कैरोजवळच्या बुलाक छापखान्यात दोन खंडांत छापला गेला, तेव्हा तो लिहिणाऱ्याला जाऊन साडेचारशेहून अधिक वर्षे लोटली होती.