बाबासाहेबांची सुई आणि मोलगीचे लेकरू

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण दर १४ एप्रिलला आणि दर ६ डिसेंबरला ऐकतो. पदव्या, महाडचा सत्याग्रह, राज्यघटना, धम्मदीक्षा हे सारे आपल्या लहान मुलांनाही तोंडपाठ असते. परंतु आयुष्याची शेवटची आठ-नऊ वर्षे हा महामानव मधुमेहाशी झुंजत होता, इन्सुलिनच्या सुया टोचून घेत होता, पथ्य सांभाळत होता आणि ठणकणाऱ्या पायांनी देशाचे व समाजाचे काम ओढत होता, ही गोष्ट आपले वक्ते एका वाक्यात उरकून टाकतात. आमच्या मते ही बाजू सविस्तर सांगितली गेली पाहिजे. कारण आज त्या माहितीची गरज असलेली लेकरे आपल्याच राज्यात आहेत.

नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून गेले की सातपुड्यात मोलगी लागते. भगर, आमचूर आणि मोहाचा हा मुलूख भिल्ल-पावरा आदिवासी बांधवांचा आहे. कायदेविषयक शिबिरांच्या निमित्ताने आमचे या भागात जाणे-येणे असते. तिथे वनहक्काच्या आणि जातपडताळणीच्या प्रश्नांबरोबर कधीतरी वेगळाच प्रश्न येतो. एवढ्याशा पोराला रोज सुई टोचायची, तीही जन्मभर? असे टोचून घेऊन माणूस शिकतो का, कामाला लागतो का? की ही सुई म्हणजे दारूसारखी सवय लावणारी चीज आहे? या प्रश्नाला आम्ही बाबासाहेबांच्या आयुष्यातून उत्तर देतो. बाबासाहेब या मुलखाला परके नाहीत. ३१ जुलै १९३७ रोजी ते न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. तेव्हा मोलगीचा हा डोंगर पश्चिम खानदेशातच मोडत होता. त्या मुक्कामाच्या आठवणीसाठी दर ३१ जुलैला तिथे भीमसैनिक जमतात.

आधी एक फरक स्पष्ट केला पाहिजे. बाबासाहेबांना मधुमेह जडला तो पन्नाशी ओलांडल्यावर. मुलांमध्ये बहुतेक वेळा दिसतो तो टाइप वन मधुमेह. यात शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही, शिवल्याने लागत नाही आणि कोणाच्या पापाने येत नाही. इन्सुलिन मिळाले नाही तर असे मूल फार काळ जगू शकत नाही. मात्र सुई, जेवणाची वेळ, साखरेची तपासणी, डोळ्यांची आणि पायांची काळजी हा रोजचा नेम बाबासाहेबांनाही होता आणि या मुलांनाही आहे.

इन्सुलिनचा इतिहासही बाबासाहेबांच्या काळाशी जोडलेला आहे. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरोंटो शहरात लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले आणि मरणाच्या दारातले पोर वाचले. त्या वेळी तरुण भीमराव लंडनमध्ये अर्धपोटी राहून अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा अभ्यास करीत होते. इन्सुलिन शोधणाऱ्या संशोधकांनी आपले पेटंट टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी अवघ्या एका डॉलरला देऊन टाकले. हे औषध सर्वांचे असावे, ही त्यांची भूमिका होती. वाचकांनी हे लक्षात ठेवावे.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. समितीत सात सदस्य होते. पण कोणी राजीनामा दिला, कोणाचे निधन झाले, कोणी परदेशी, कोणी आजारी, अशा कारणांनी मसुद्याचा भार अखेर एकट्या बाबासाहेबांवर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी संविधान सभेतच सांगून ठेवले आहे. याच काळात त्यांची प्रकृती ढासळली. झोप लागेना. पायांतील वेदना असह्य झाल्या. मधुमेहात रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की नसा दुखावतात आणि पाय जळजळतात, ठणकतात. दिवसभर कायदा मंत्रालय, रात्री मसुद्याची कलमे आणि अंथरुणावर पडले की पायांचा ठणका, अशा अवस्थेत २१ फेब्रुवारी १९४८ रोजी मसुदा संविधान सभेच्या अध्यक्षांकडे गेला.

उपचारासाठी ते मुंबईला डॉ. माधवराव मालवणकर यांच्याकडे जात. तिथेच डॉ. शारदा कबीर या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टर काम करीत होत्या. माता रमाई १९३५ मध्येच गेल्या होत्या. घरात पथ्याचे रांधणारे, वेळेवर औषध देणारे कोणी नव्हते. अशी काळजी घेणारे माणूस घरात असल्याशिवाय प्रकृती सावरणार नाही, असे डॉक्टरांचे मत होते आणि बाबासाहेबांनी ते दादासाहेब गायकवाडांसारख्या विश्वासू सहकाऱ्याला पत्राने कळवले. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत विवाह झाला आणि डॉ. शारदा कबीर या सविता आंबेडकर, आपल्या माईसाहेब झाल्या.

त्या काळी इन्सुलिन घेणे आजच्यासारखे सोपे नव्हते. इन्सुलिन गाईगुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढले जाई. काचेची सिरिंज आणि जाड सुई दरवेळी उकळावी लागे. बोटाला टोचून क्षणात साखर सांगणारे यंत्र नव्हते. परीक्षानळीत रसायन घालून लघवी तापवायची आणि रंगावरून अंदाज बांधायचा. निळा राहिला तर ठीक, विटकरी झाला तर साखर फार. अशा अंदाजावर मात्रा ठरे. मात्रा जास्त झाली किंवा जेवण लांबले तर साखर एकदम उतरून माणूस घामाघूम होतो, थरथरतो, बेशुद्धही पडतो. सभा, संसद आणि भेटीला येणारे शेकडो लोक सांभाळून हा नेम पाळणे किती कठीण असेल, याची कल्पना करावी.

तरीही काम थांबले नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा संविधान सभेत मांडला गेला. पुढे वर्षभर कलमावर कलम आणि दुरुस्तीवर दुरुस्ती, प्रत्येकाला उत्तर द्यायला बाबासाहेबच उभे राहत. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारले गेले. नंतर हिंदू कोड बिलाची लढाई आली. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. प्रकृतीमुळे डॉक्टर चिंतेत आहेत, दीर्घ उपचारासाठी स्वतःला त्यांच्या हाती सोपवण्यापूर्वी हे बिल मार्गी लागावे, असा त्या पत्राचा आशय होता. स्वतःचा उपचार त्यांनी भारतीय स्त्रियांच्या हक्काच्या कायद्यासाठी मागे ठेवला! बिल रेंगाळले आणि २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

१९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पराभव पदरी आला आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत बाबासाहेब अंथरुणाला खिळले. दृष्टी मंदावली होती. ज्या माणसाचे सारे आयुष्य पुस्तकात गेले, त्याचे डोळेच साथ देईनात! तरी डिसेंबरात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि २५ डिसेंबरला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काठीचा आणि सहकाऱ्याच्या खांद्याचा आधार घेत ते दीक्षामंचावर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचे भाषण झाले, १६ ला चंद्रपूर, नोव्हेंबरात काठमांडू. ५ डिसेंबरच्या रात्रीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे काम चालूच होते. ६ डिसेंबरला झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यानंतर जे झाले ते आपल्याला कटू वाटले तरी सांगितले पाहिजे. शोकात बुडालेल्या समाजात माईसाहेबांविषयी संशय पसरला. केंद्र सरकारने चौकशी केली आणि मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला. तरी संशय पुरता मिटला नाही. रोज हातात सुई घेणारी, साहेबांच्या ताटातले पदार्थ काढून घेणारी, विश्रांतीसाठी भेटणाऱ्यांना थांबवणारी बाई लोकांना वैरीण वाटली. मधुमेहात ही सारी कामे म्हणजेच उपचार असतो, हे त्या काळी किती जणांना ठाऊक होते? स्वतः बाबासाहेबांनी मात्र १९५६ मध्ये लिहिलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आपला जीव जगल्याचे श्रेय पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले होते. १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात छापली गेली नाही. ज्याच्यासाठी तिने एवढे केले त्याची साक्षच समाजापासून दूर राहिली. १४ एप्रिल १९९० ला बाबासाहेबांच्या मरणोत्तर भारतरत्नाचा स्वीकार माईसाहेबांनी केला. २९ मे २००३ रोजी त्या गेल्या.

आम्ही वकील आहोत. पुराव्याशिवाय आरोप मानायचा नाही, हे आम्हाला शिकवलेले आहे. आणि मोलगीकडे पाहताना हा जुना आरोप फार बोलका वाटतो. सातपुड्यात आजार कळला नाही की एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिचा छळ केल्याचे प्रकार घडत आले आहेत. टाइप वनचे मूल सारखे पाणी पिते, सारखे लघवीला जाते, खाऊनही वाळत जाते, मग उलट्या, जोरजोरात श्वास आणि बेशुद्धी. कोणी मलेरिया समजतो, कोणी बाहेरची बाधा समजून भगताकडे नेतो. रक्ताच्या एका थेंबाच्या तपासणीने जे कळते, त्याअभावी मूल जाते आणि संशयाची सुई कुठल्यातरी निराधार बाईकडे वळते. डाकीण ठरवणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायद्याबरोबर ग्लुकोमीटरही पोहोचला पाहिजे!

या मुलांच्या घरच्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सुई ही सवय नाही, ते शरीराला न मिळणारे अन्नासारखे आवश्यक द्रव्य आहे. भगताकडे जायचे असेल तर जा, पण सुई एक दिवसही बंद करू नका. घरात फ्रीज नसेल तर दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून आतल्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा डबीत इन्सुलिन ठेवावे. ते गोठू देऊ नये आणि उन्हात ठेवू नये. ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची, तर १०० युनिटच्या इन्सुलिनला केशरी टोपणाची सिरिंज लागते. अदलाबदल झाली तर मात्रा चुकून जिवावर बेतते. घाम, थरथर, बडबड दिसली की लगेच साखर किंवा गूळपाणी द्यावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात मात्र काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेल असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी फसवी ठरू शकते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पण सगळा भार आई-बापावर टाकून कसे चालेल? दिवाळीनंतर या भागातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. उसाच्या फडात, पालाच्या झोपडीत, पोराचे इन्सुलिन कुठे ठेवायचे? मूल आश्रमशाळेत असेल तर सुई कोण देणार? पाड्यावरून झोळीतून रस्त्यापर्यंत येईतो साखर चढलेले पोर तग धरेल का?

संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेळेवर उपचार न मिळणे हे जगण्याच्या हक्काचे उल्लंघन मानले आणि पैशाची अडचण ही सबब फेटाळली. इन्सुलिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. सी.बी.एस.ई.ने २०१७ मध्ये टाइप वनच्या मुलांना परीक्षेत खाऊ व औषध जवळ बाळगण्याची मुभा दिली. मग मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात इन्सुलिन, सिरिंज आणि तपासणीच्या पट्ट्या बाराही महिने मोफत मिळाल्या पाहिजेत. प्रत्येक आश्रमशाळेत अधीक्षक-अधीक्षिकेला सुईचे प्रशिक्षण हवे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला पूर्ण हंगामाचे औषध आणि परगावच्या सरकारी दवाखान्यात चालेल असे पत्र हवे. लसीसाठी शीतपेटी डोंगरात चढते, मग इन्सुलिनसाठी का नाही? अक्कलकुवा तालुका पेसा क्षेत्रात आहे. अबंध निधीतून आरोग्यासाठी खर्च करता येतो. ग्रामसभेने ठराव घेऊन सौर फ्रीजची मागणी करावी. अर्ज लिहून द्यायला आमच्यासारखे वकील आहेतच.

बाबासाहेबांच्या घरात सुई देणारी डॉक्टर होती, म्हणून संविधान सभेतली उत्तरे, दीक्षाभूमीचा सोहळा आणि धम्माचा ग्रंथ पुरे झाले. माईसाहेबांनी एका घरात जे केले ते मोलगीच्या पाड्यापाड्यात शासनाने करावे, एवढीच ही मागणी आहे. येत्या ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर जमणाऱ्यांनी ती निवेदनात लिहावी आणि सह्या करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पोहोचवावी.

जयभीम!